सहावी ते आठवीच्या मुलांना हवेची गुणवत्ता कशी शिकवावी?

खडूची धूळ

मी शाळेत विज्ञान शिकवते, सहावी ते आठवी. हवेची गुणवत्ता आणि आरोग्य या विषयाला यंदा सहा-सात तासिका देता येणार आहेत. नेहमीचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे: व्याख्या, कारणे, परिणाम, उपाय आणि शेवटी भित्तिपत्रक. डावीकडे काळा धूर ओकणारी चिमणी, उजवीकडे हिरवंगार झाड. 'हवा प्रदूषित झाल्याने श्वसनाचे विकार होतात' हे वाक्य मुलं झोपेतही लिहितील. पण कुठल्या हवेने, कोणाला, किती, आणि हे कळलं तरी कसं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

मला शिकवायचं आहे ते नेमकं हे 'कळलं कसं'. तीन ठिकाणी अडतंय. मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दहा लाखावा भाग) प्रति घनमीटर हे प्रकरण बारा वर्षांच्या मुलाच्या गळी कसं उतरवावं? वर्गात करण्याजोगे खरे प्रयोग कोणते, म्हणजे ज्यात उत्तर आधीच ठरलेलं नसतं? आणि आजारांबद्दल किती बोलावं? प्रत्येक वर्गात दमा असलेली एक-दोन मुलं असतातच, आणि धडा सुरू झाला की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळतात.

अनुभव, कल्पना, टीका, सगळं चालेल. तयार पीपीटीच्या लिंका नकोत.

निवांत

चांगला विषय. वाचतोय.

दोघांची आई

माझ्या मुलीच्या शाळेत व्हॅसलीनचा प्रयोग केला होता. पांढऱ्या पुठ्ठ्यावर चौकोन आखायचा, त्यावर व्हॅसलीनचा पातळ थर द्यायचा आणि असे पुठ्ठे वेगवेगळ्या जागी ठेवायचे: फाटकापाशी, वर्गात, मैदानाच्या कडेला. दोन-तीन दिवसांनी भिंगातून ठिपके मोजायचे. खर्च जवळजवळ नाही आणि मुलं रमतात. फाटकापाशी ठेवलेला पुठ्ठा एवढा काळा झाला होता की मुलगी घरी येऊन सगळ्यांना दाखवत होती.

सोल्डरवाला

@दोघांची आई, प्रयोग छान आहे, पण त्यातून निष्कर्ष चुकीचा निघतो. व्हॅसलीनवर चिकटते ती जड धूळ, जी वजनामुळे खाली बसते. भिंगातून दिसणारा ठिपका बहुधा १० मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असतो. फुप्फुसात खोलवर पोचणारे पीएम २.५ चे, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण भिंगातून दिसत नाहीत आणि फारसे खालीही बसत नाहीत, हवेत तरंगत राहतात. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर धरली तर हा कण तिच्या विसाव्या ते अठ्ठाविसाव्या भागाएवढा. त्यामुळे मैदानाकडचा पुठ्ठा मातीने काळा होईल आणि वर्दळीच्या रस्त्याकडचा कदाचित कमी. मुलं लिहून टाकतील की मैदान जास्त घातक.

म्हणून प्रयोग टाकून द्या असं नाही म्हणत. आधी पुठ्ठे लावा, मुलांना निष्कर्ष काढू द्या, मग त्याच जागी हवेतले कण मोजणारा सेन्सर ठेवा आणि दोन क्रम का जुळत नाहीत ते त्यांनाच शोधू द्या. एक तासिका तिथेच सार्थकी लागेल.

सेन्सरबद्दलही सांगतो, कारण तो आणला की सगळे त्याला देव मानतात. स्वस्त सेन्सरमध्ये एक छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरचा झोत त्या हवेतून जातो, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि त्यावरून कणांच्या वजनाचा अंदाज बांधला जातो. वजन असं केलेलं नसतंच. हवा दमट असली की कण पाणी धरून फुगतात आणि आकडा वर जातो. धुक्यात तर तो काहीच्या काही दाखवतो. वर्गात एकदा केटलच्या वाफेजवळ (मोठ्यांनी धरून, चटक्याच्या अंतराबाहेर) सेन्सर नेऊन दाखवा. हवा 'गंभीर' झालेली दिसेल आणि हवेत असेल फक्त पाणी. यंत्र काय मोजतं आणि काय मोजल्याचं भासवतं यातला फरक मुलांना यापेक्षा स्वस्तात शिकवता येणार नाही.

आकडेमोड

मायक्रोग्रॅमचं मी सांगतो, तो माझा प्रांत.

एक मीटर लांबीच्या बारा काठ्या घ्या, कोपऱ्यांत बांधा, घनमीटर तयार. मुलांना त्यात उभं राहू द्या. आता बारीक मिठाचा एक दाणा चिमटीत धरा. बाजू साधारण ०.३ मिलिमीटर धरली तर त्याचं वजन ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं. तो दाणा कुटून कुटून त्या अख्ख्या घनमीटरभर पसरला असं समजा. झाली ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांच्या सरासरीसाठी पीएम २.५ ची मार्गदर्शक पातळी १५ ठेवली, म्हणजे पाव दाणा. वर्षाची सरासरी ५, म्हणजे दाण्याचा बारावा भाग. एवढंसं काय करणार, असा प्रश्न कोणीतरी विचारेलच. विचारायलाच हवा.

त्याचं उत्तर आठवीच्या गणितात आहे. गोलाच्या घनफळाचं सूत्र वापरा, व्यास २.५ मायक्रोमीटर, घनता पाण्याएवढी. ६० मायक्रोग्रॅममध्ये सत्तर लाखांच्या वर कण निघतात. प्रत्यक्षात बहुतेक कण याहून बरेच लहान असतात, म्हणजे संख्या आणखी मोठी. मोठा माणूस दिवसाला दहा-बारा हजार लिटर, म्हणजे दहा-बारा घनमीटर हवा आत घेतो. पुढचा गुणाकार मुलांना करू द्या.

दुसरी गंमत सरासरीची. समजा २२ तास पातळी ३० होती आणि दोन तास २१०. सरासरी ४५. कागदावर दिवस 'तसा ठीक' दिसतो. पण ते दोन तास नेमके खेळाच्या तासाचे असले तर? त्या मुलाच्या वाट्याला ४५ ची हवा आली असं म्हणता येईल का?

तिरकस

गणिताच्या तासाला विज्ञान आणि विज्ञानाच्या तासाला गणित. चालू द्या. पण हवा घाण केली मोठ्यांनी आणि मोजत बसायचं मुलांनी, हे मला जरा विनोदी वाटतं. शेवटी त्यांच्याकडून प्रतिज्ञा घ्याल, 'मी एक झाड लावीन'.

खडूची धूळ

@तिरकस, प्रतिज्ञा घेणार नाही, निश्चिंत राहा. :) मुद्दा मात्र रास्त आहे, त्यावर नंतर लिहिते.

@आकडेमोड, मिठाचा दाणा उचलला. काठ्यांचा घनमीटर उद्याच बांधायला घेते.

स्टेथो

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

मुलांच्या बाबतीत हवेचा प्रश्न वेगळा का, हे मुलांना स्वतःच्या शरीरावरून कळू शकतं. बसल्या जागी मिनिटाचे श्वास मोजा, मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजा. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. धावताना तोंडाने श्वास घेतला जातो आणि नाकाची गाळणी चुकते. उंची कमी असल्याने गाडीच्या धुराच्या नळीशी नाक जवळ येतं. आणि फुप्फुसं विशीच्या उंबरठ्यापर्यंत वाढतच असतात.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि तोच धड्यात नसतो. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वांत जास्त पीएम २.५ असलेल्या वस्तीत १८ व्या वर्षी फुप्फुसांची क्षमता लक्षणीय कमी असलेल्यांचं प्रमाण ७.९ टक्के होतं, सर्वांत कमी असलेल्या वस्तीत १.६ टक्के. ही मुलं आजारी दिसत नव्हती. खोकत नव्हती. वाढ मात्र कमी झाली होती.

पण इथेच थांबू नका. पुढे त्या भागातली हवा नियमांमुळे सुधारली आणि नंतरच्या पिढीच्या मुलांचीही तशीच मोजणी झाली. २०१५ च्या निष्कर्षांत फुप्फुसांची क्षमता कमी असलेल्यांचं प्रमाण ७.९ वरून ३.६ टक्क्यांवर आलेलं दिसलं. दोन्ही आकडे एकाच तासाला द्या. पहिलाच दिलात तर मुलं घाबरून घरी जातील.

दम्याच्या मुलांबद्दल: त्यांना उदाहरण म्हणून उभं करू नका, 'तुला काय होतं सांग' असं विचारू नका. स्वतःहून बोलली तर बोलू द्या. कोणाचा पंप कुठे असतो आणि खेळाच्या तासाला तो जवळ आहे ना, हे मात्र शिक्षकांना माहीत हवंच. वर्गात सगळ्यांकडून पीक फ्लो मीटर (श्वास किती जोराने सोडता येतो ते मोजणारी नळी) फुंकून घ्यायची कल्पना कोणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो, नको. त्याचा आकडा उंचीवर अवलंबून असतो, जोराने फुंकल्यावर काही मुलांना खोकल्याची उबळ येते, तोंडाचा तुकडा प्रत्येकाला वेगळा लागतो आणि पाच मिनिटांत त्याची शर्यत होते. शर्यतीत शेवटचं कोण येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

दोघांची आई

डॉक्टर, प्रतिसाद फार आवडला. एक विचारू? लंडनच्या त्या नऊ वर्षांच्या मुलीची, एला किस्सी-डेब्राची गोष्ट मुलांना सांगावी का? २०१३ मध्ये दम्याच्या झटक्याने ती गेली आणि २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण नोंदवलं. वर्दळीच्या रस्त्याजवळ राहायची. मी वाचलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

स्टेथो

सहावीला मी सांगणार नाही. दम्याचं मूल वर्गात बसलेलं असताना जवळजवळ त्याच्याच वयाच्या मुलीच्या मृत्यूची गोष्ट ऐकवणं मला पटत नाही. आठवीला, वर्ग ओळखीचा असेल तर, सांगता येईल.

जुनी कात्रणं

मी थोडा असहमत आहे. मुलं बातम्या बघतात, लपवल्यासारखं केलं की त्यांना जास्त कळतं. पण तो निर्णय शिक्षकांचा. मला वेगळंच सुचवायचं आहे.

धागाकर्तीला 'कळलं कसं' शिकवायचं आहे ना, त्यासाठी दोन गोष्टींची जोडी आहे. एकीशिवाय दुसरी सांगू नये.

पहिली यूटा खोऱ्याची, अमेरिकेतली. डोंगरांनी वेढलेला भाग. हिवाळ्यात गार हवा तळाशी अडकते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर बाहेर पडत नाही. खोऱ्यात एक मोठा पोलाद कारखाना होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कामगारांच्या तंट्यामुळे तो बंद पडला, १९८७ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला. मधला एक हिवाळा कारखान्याविना गेला. आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजारांसाठी दाखल झालेली मुलं बंद हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. १९८९ मध्ये हे छापून आलं.

इथे थांबून वर्गाला विचारा: पटलं का? हुशार मुलं म्हणतील, त्या हिवाळ्यात सर्दीची साथच नसेल कशावरून? अगदी हीच शंका तेव्हाही घेतली गेली होती. पोप यांनी मग शेजारच्या खोऱ्यांचे आकडेही तपासले. आणि पुढचा भाग मला सगळ्यांत आवडतो. त्या वर्षांत हवा मोजायला वापरलेले फिल्टर कोणीतरी जपून ठेवले होते. बऱ्याच वर्षांनी संशोधकांनी त्यांवरचा अर्क काढून तपासला. कारखाना चालू असतानाच्या अर्काने फुप्फुसात जास्त दाह झाला, बंद वर्षातल्या अर्काने कमी. चालू वर्षांच्या धुळीत धातूंचं प्रमाण जास्त होतं. एकाच प्रश्नाकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा.

दुसरी गोष्ट अटलांटाची, १९९६ चं ऑलिंपिक. खेळांच्या काळात गाड्या कमी केल्या गेल्या, सार्वजनिक वाहतूक वाढवली गेली. ओझोन या प्रदूषक वायूची शिखरपातळी सुमारे २८ टक्के घसरली आणि सरकारी आरोग्य योजनेतल्या मुलांच्या दम्याच्या तातडीच्या भेटी ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, पाठ्यपुस्तकांत गेलं. कारण आणि परिणाम कसे हातात हात घालून आले! मग २०१० मध्ये दुसऱ्या गटाने जास्त वर्षांची माहिती घेऊन तेच गणित पुन्हा मांडलं. ओझोन तेव्हा आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशातही घसरला होता, जिथे ऑलिंपिक नव्हतं. बराचसा भाग हवामानाचा निघाला. शिवाय दम्याच्या भेटी त्या ऋतूत दरवर्षीच कमी होत असतात.

म्हणजे ओझोन निरुपद्रवी ठरला का? नाही, त्याचे पुरावे इतर ठिकाणांहून भक्कम आहेत. कोसळला तो एक सुंदर दाखला. मुलांना दोन्ही गोष्टी द्या, शेवट न सांगता, आणि कोणती टिकेल यावर पैज लावू द्या. माझा अंदाज, बहुतेक जण अटलांटावर लावतील, कारण ती जास्त गोड आहे.

आकडेमोड

+१०० 'जास्त गोड' यावर.

तिरकस

प्रतिसाद चक्क शेवटपर्यंत वाचला. फिल्टर जपून ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.

सोल्डरवाला

निर्देशांकाबद्दल कोणी बोललं नाही अजून. मुलांच्या फोनवर रंगीत एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) असतो आणि तो तापमानासारखा एकच खरा आकडा आहे असं त्यांना वाटतं. वर आलेलाच ६० मायक्रोग्रॅम घ्या. पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० असली तर भारताच्या निर्देशांकात ती १०० होते, 'समाधानकारक' वर्गाचं वरचं टोक. अमेरिकेच्या निर्देशांकात तीच हवा १५४ च्या आसपास जाते आणि रंग लाल, म्हणजे आरोग्यास अपायकारक. जागतिक आरोग्य संघटनेच्या पातळीच्या ती चौपट आहे. हवा तीच, फुप्फुसंही तीच.

यातला कोणता 'बरोबर' असं विचारू नका. रंगांच्या सीमा कोण ठरवतं, कशासाठी आणि वेगवेगळ्या का, असं विचारा. शिवाय निर्देशांक बनतो तो त्या दिवशी सर्वांत वाईट ठरलेल्या एका प्रदूषकावरून. दुपारच्या उन्हात ओझोन वाढून लाल होणं आणि पहाटे धुराने लाल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रंग एकच. ओझोन कुठल्याच नळीतून थेट बाहेर येत नाही. वाहनांचे वायू आणि ऊन मिळून तो तयार होतो. धुराचे कण अडवणारा एन ९५ मास्क त्या वायूला अडवत नाही.

खडूची धूळ

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता @तिरकस यांच्या मुद्द्यावर. मुलांनी सवयी बदलल्या की हवा स्वच्छ होईल, असं मी शिकवणार नाही, कारण ते खरं नाही. पानांवर थोडे कण बसतात, पण झाडं लावून वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर फिटत नाही. म्हणून लंडनचं १९५२ चं धुरकं घेणार आहे. ५ ते ९ डिसेंबर, पाच दिवस. तेव्हाचा अंदाज चार हजार मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासांत तो बारा हजारांपर्यंत गेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. मधली चार वर्षं काय चाललं होतं, कोण कायद्याला विरोध करत होतं, कोळसा जाळणाऱ्या घरांनी काय करायचं होतं, यावर आठवीच्या मुलांनी दोन गट करून बोलावं असा विचार आहे. दोष देताना जपावं लागेल. काहींच्या घरी चूल आहे, काहींचे पालक वाहनं चालवतात, कारखान्यात काम करतात. 'धूर करणारे लोक वाईट' असा अर्थ निघाला तर धडा फसला.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. बाहेर हवा वाईट असेल त्या दिवशी वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

स्टेथो

याला एक उत्तर नाही आणि म्हणूनच प्रश्न वर्गात न्या. खिडक्या बंद केल्या की बाहेरचे कण कमी येतात, पण चाळीस जणांचा उच्छ्वास आत कोंडतो. त्याबरोबर एकमेकांचे विषाणूही.

सोल्डरवाला

कार्बन डायऑक्साइडचा मीटर मिळाला तर हेही मोजता येतं. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. भरलेल्या बंद खोलीत तो तासाभरातच हजाराच्या वर जातो, दोन हजारही गाठतो. एका टेबलावर हा मीटर, दुसऱ्यावर कणांचा सेन्सर. खिडकी उघडली की एक आकडा उतरतो आणि दुसरा चढतो. किती वेळ उघडायची, कोणत्या बाजूची, कोणत्या तासाला, हे मुलांनी आठवडाभराच्या नोंदींवरून ठरवावं. फाटकाशी गाड्यांची गर्दी असते तेव्हा रस्त्याकडची खिडकी बंद आणि मैदानाकडची उघडी, एवढ्यानेही फरक दिसू शकतो. दिसला नाही तर तेही लिहावं.

हात शिवशिवत असतील तर हवा गाळणारा कॉर्सी-रोझेंथाल खोका बनवता येईल: चौकोनी पंखा, चार बाजूंना चांगले फिल्टर, पुठ्ठा आणि चिकटपट्टी. २०२० मध्ये साथीच्या काळात ही रचना पुढे आली. त्याने कण कमी होतात, कार्बन डायऑक्साइड नाही. आधी हे मुलांना सांगू नका, मीटरवर बघू द्या.

दोघांची आई

आणि माझे व्हॅसलीनचे पुठ्ठे? :(

खडूची धूळ

पहिल्याच तासिकेला लागणार आहेत, अजिबात रद्द नाहीत. @सोल्डरवाला म्हणतात त्या क्रमाने: आधी पुठ्ठे आणि मुलांचा निष्कर्ष, मग सेन्सर, मग केटल. यूटा-अटलांटा पाचव्या तासिकेला, म्हणजे पैज लावण्याआधी त्यांच्या हाताखालून एक फसलेलं मोजमाप गेलेलं असेल.

नोंदवहीचा तक्ता आज आखला: वेळ, जागा, कणांचा आकडा, कार्बन डायऑक्साइड, खिडकी उघडी की बंद, शेरा. काही राहिलं का?

आकडेमोड

आर्द्रता. नाहीतर धुक्याच्या सकाळी परत वाफच मोजाल. आणि वाऱ्याची दिशा, काठीला दोरा बांधला तरी पुरे.

जुनी कात्रणं

आकडा लिहिणाऱ्याचं नाव. आणि शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा.